कित्त्याबाहेरची अक्षरे

कोणी दुसऱ्याचे अनुकरण करू लागला की तो त्याचा कित्ता गिरवतो असे आपण म्हणतो आणि एखाद्या कार्यास आरंभ झाला की त्याचा श्रीगणेशा झाला असे म्हणतो. हे दोन्ही वाक्प्रचार पंतोजींच्या शाळेतून आपल्या भाषेत आले आहेत आणि दोहोंतही दुसऱ्याने काढलेल्या अक्षरावरून आपले बोट फिरविणारे एक मूल बसलेले आहे. मुलाने स्वतःच्या मनातले काही लिहावे, या घटनेसाठी मात्र मराठीने असा एकही वाक्प्रचार घडविलेला माझ्या आढळात नाही. आज सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी सर्जनशील लेखनाच्या कार्यशाळा भरतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या जाहिराती झळकतात आणि पालक मोठ्या हौसेने मुलांना तेथे धाडतात. ही रीत आपल्याकडे अगदी अलीकडची आहे असा सर्वसाधारण समज आहे आणि शब्दापुरता तो खराही आहे. परंतु मुलाच्या हाती लेखणी देऊन ‘तुझे तू लिही’ असे म्हणण्यापर्यंत आपला समाज कोणकोणत्या मुक्कामांवरून आला, हे पाहू गेल्यास फार जुनी दप्तरे उघडावी लागतात.

पंतोजींची शाळा देवळाच्या ओवरीत, एखाद्या गृहस्थाच्या पडवीत किंवा खुद्द पंतोजींच्या ओसरीवर भरे. नव्या विद्यार्थ्यापुढे लाकडी फळी ठेवीत, तीवर विटेची बारीक पूड किंवा धूळ पसरीत आणि अणकुचीदार काडीने तीत अक्षर काढून देत. मुलाने त्या चरातून काडी फिरवायची, अक्षर मोडले की फळी हलवून धूळ पुन्हा सारखी करायची आणि पुनश्च आरंभ करायचा. धुळाक्षर हा शब्द आपल्याकडे आला तो असा. या फळीचा एक गुण मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे: तिच्यावर लिहिलेले काहीही शिल्लक राहत नसे. मुलाचा हात महिनोन् महिने लिहीत असे, पण त्याच्या हाताचे एकही अक्षर दुसऱ्या दिवशी पाहावयास मिळत नसे. धुळाक्षरे वळणावर आली म्हणजे बोरू, शाई आणि कागद यांची पायरी येई, बाळबोधीपाठोपाठ मोडी येई आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे करीत मुले सायंकाळी एका सुरात परवचा म्हणत. चुकणाऱ्याच्या वाट्याला छडी असे आणि छडीहून कठोर अशा शिक्षाही असत.

या सर्व शिक्षणाचा रोख कोठे होता, हे त्या काळच्या मेस्तकांवरून स्पष्ट होते. मेस्तक म्हणजे दफ्तरी लेखनाची पद्धत सांगणारा लेख. त्याचा संबंध परंपरेने यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याशी जोडला जातो. कोणास कोणता मायना लिहावा, वडिलांस काय, बरोबरीच्यास काय, हुजुरास अर्जी कोणत्या शब्दांनी सुरू करावी, जमाखर्चाची कीर्द कशी मांडावी, याद आणि ताकीद यांत भेद कोणता, हे ज्याला आले त्याला लिहिता आले असे समजत. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिला. त्यात वाटोळी, सरळ, सुटी अक्षरे कशी काढावी, ओळी कशा सारख्या राखाव्या, शाई, टाक आणि कागद कसे सिद्ध करावे, याविषयी त्यांनी किती आस्थेने लिहिले आहे! लेखन ही त्यांच्या लेखी उपासना होती. परंतु ती पूर्वी निर्माण झालेला ग्रंथ निर्दोषपणे पुढील पिढीच्या हाती देण्याची उपासना होती. छापखाने नसलेल्या समाजात ज्ञान टिकविण्याचा तोच एक मार्ग होता, म्हणून त्या काळाला आजच्या मोजमापाने दोषी धरणे मला रास्त वाटत नाही.

तरुण मुलगा लिहिण्यात तयार झाला की तो कोणा कारकुनाच्या ओळखीने एखाद्या फडावर, म्हणजे दफ्तरकामाच्या कचेरीत, उमेदवार म्हणून राही. उमेदवार या शब्दाला आज निवडणुकीचा वास लागला आहे. त्या काळी वेतनावाचून, पुढे जागा मिळेल या आशेवर, दफ्तरात खपणारा तो उमेदवार. ज्येष्ठ कारकुनाने सांगितलेला मजकूर उतरून घ्यायचा, खलित्याची नक्कल करायची, चुकल्यास फिरून लिहायची. कार्यशाळा या आजच्या शब्दाचा जुन्या मराठीतील खरा पर्याय शोधायचाच झाला, तर तो मला ‘फड’ हाच वाटतो; कारण अनेकांनी एकत्र बसून, जाणत्याच्या नजरेखाली, प्रत्यक्ष काम करता करता लिहिण्याची विद्या मिळवावी, ही व्यवस्था तेथे होतीच. फडावर फक्त एक गोष्ट नव्हती. लिहिणाऱ्याला स्वतःला काय सांगावयाचे आहे, असे तेथे कोणी विचारीत नसे.

पेशवाई गेली, मुंबई इलाख्यात इंग्रजी अंमल बसला आणि शाळेच्या पुस्तकांसाठी सन १८२२ पासून मुंबईत मंडळी काम करू लागली. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचे ‘बाळमित्र’ सन १८२८ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांसाठी मराठीत छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी ते एक; परंतु त्याचे मूळ बेर्कं नावाच्या फ्रेंच ग्रंथकाराचे, आणि ते आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने आलेले. त्याच वर्षी छत्र्यांची इसापनीतीही आली. म्हणजे मराठी मुलाशी छापील पुस्तक प्रथम बोलू लागले ते दूरदेशच्या सद्वर्तनी बालकांच्या तोंडाने. पुढे मेजर कँडी यांनी कित्येक वर्षे शालेय पुस्तकांची भाषा तपासली, विरामचिन्हे रूढ केली आणि वाक्य कोठे थांबावे याला नियम लागला. वाचण्यास पुष्कळ मिळाले. लिहिण्यास मात्र अजून कित्ताच होता, फक्त धुळीच्या फळीची जागा दगडी पाटीने घेतली होती.

आणि अशा वेळी, सन १८५५ मध्ये, पुण्यातून एक लेख आला. ज्ञानोदय पत्राच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च या दोन अंकांत तो छापला गेला. लिहिणारी मुक्ता साळवे, मांग जातीची, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेली आणि वयाने पंधरा वर्षांच्या आतली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आज अनेक ग्रंथांतून पुनर्मुद्रित झालेला आहे आणि दलित साहित्याच्या व स्त्रियांच्या लेखनाच्या इतिहासात त्याला आद्यस्थानी बसविले जाते, ते योग्यच आहे. परंतु तो एका शाळकरी मुलीने लिहिलेला निबंध आहे, या बाजूने त्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. मला तो त्याच बाजूने पाहावासा वाटतो.

त्या मुलीपुढे अनुकरणासाठी कोणताही नमुना नव्हता. तिच्या जातीच्या मुलीने लिहिलेले एकही पान मराठीत तोवर छापलेले नव्हते. तरीही तिने वेदांचा अधिकार नाकारलेल्या माणसांचा धर्म कोणता, असा प्रश्न सरळ परमेश्वराला विचारला. बाजीरावाच्या राज्यात आपल्या माणसांना तेलशेंदूर पाजून इमारतींच्या पायांत पुरीत, हे लिहिले. आणि मग एकाएकी ती आपल्या वस्तीतील बाळंत होणाऱ्या स्त्रियांकडे वळली. त्यांच्या डोक्यावर छप्पर नाही, पाऊस आणि वारा त्या कशा सोसत असतील, हे तिने स्वतःच्या अनुभवाच्या आधाराने सांगितले. शास्त्रार्थाचा वाद तिने ऐकून घेतलेला असेल, इतिहास वडीलधाऱ्यांकडून तिच्या कानी आलेला असेल. पण पावसात उघड्यावर बाळंत होणारी बाई तिने पाहिलेली होती. तो मजकूर वाचताना तिच्या शिक्षकांविषयी माझ्या मनात अपार कृतज्ञता दाटून येते. तीन वर्षांत अक्षर, शुद्धलेखन आणि व्याकरण शिकविणे कोणासही साधेल. तुझ्या वस्तीत तू जे पाहिलेस ते लिहिण्याजोगे आहे, असा भरवसा तीन वर्षांत एका मुलीच्या मनात निर्माण करणे, हे त्या शाळेने केले. सावित्रीबाई स्वतः कविता लिहीत, त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह सन १८५४ मधला. ज्या शाळेतली शिक्षिका स्वतः लिहिते, त्या शाळेतील मुलीला लिहिणे ही परक्याची विद्या वाटत नाही, असाही त्याचा अर्थ मी लावतो.

दुर्दैवाने पुढील शालेय व्यवस्थेने हा धडा घेतला नाही. मॅट्रिकची परीक्षा आली, तीत निबंधाला गुण आले आणि जेथे गुण आले तेथे नमुनेही आले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेने सन १८७४ पासून मराठी गद्याला जे तेज आणले, त्याची सावली शाळेतील निबंधावर पडली ती केवळ भारदस्त वाक्यांच्या रूपाने. गाय, आंब्याचे झाड, वेळेचे महत्त्व, नदीचे आत्मवृत्त, फाटक्या पुस्तकाचे मनोगत: पिढ्यान् पिढ्या हेच विषय वर्गात येत राहिले आणि त्यांची तयार उत्तरे मार्गदर्शिकांतून मिळत राहिली. पंतोजींचा कित्ता हाताला वळण लावीत होता. हा नवा कित्ता मुलाच्या डोळ्यांना वळण लावू लागला. गाय पाहण्यापूर्वीच ती ‘अत्यंत उपयुक्त व गरीब प्राणी’ असल्याचे मुलाला ठाऊक असे आणि मग मारकी गाय घरच्या गोठ्यात बांधलेली असली तरी वहीत ती गरीबच उतरे.

माझ्या स्वतःच्या वहीतील एक पान मला आठवते. देशावरच्या एका तालुक्याच्या गावी आम्ही चौथीत होतो आणि गुरुजींनी ‘मी पाहिलेला समुद्र’ हा विषय दिला. वर्गातील चाळीस मुलांपैकी समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. फळ्यावर ‘अथांग’, ‘निळाशार’, ‘फेसाळणाऱ्या लाटा’ असे शब्द लिहून दिलेले होते आणि ते जागच्या जागी बसविले की निबंध होत असे. मी लिहिले की मी समुद्र पाहिलेला नाही, पण मामाने मालवणहून एक शंख आणला आहे, तो कानाला लावला की आत वारा घोंगावतो आणि आई म्हणते तो समुद्रच आहे. मात्र तोच आवाज रिकाम्या तांब्यातूनही येतो, हे मी करून पाहिले आहे. त्या पानावर तांबड्या शाईची आडवी रेघ आली आणि ‘विषयास सोडून’ असा शेरा आला. गुरुजी मनाने सज्जन होते, त्यांनी कधी कोणावर हात उगारला नाही. ते ज्या शाळेत शिकले तेथेही त्यांना असेच शिकविलेले असणार. पण त्यानंतर कित्येक वर्षे मी वहीत खरे असे काही लिहिले नाही, आणि तांब्याचा तो प्रयोग मी पुन्हा कोणाला सांगितलाही नाही.

मुलांची मासिके निघत होती. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ सन १८८१ मध्ये आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ सन १९०६ मध्ये सुरू झाले व त्यांनी मराठी मुलांना वाचनाचे वेड लावले. ही मोठी कामगिरी आहे. पण तिचा ओघ मोठ्यांकडून मुलांकडे वाहणारा होता आणि माझा विषय उलट दिशेच्या ओघाचा आहे, म्हणून मी येथे थांबत नाही.

त्या उलट्या ओघाची चाहूल मला पुन्हा लागते ती खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात. सन १९२४ मध्ये साने गुरुजी त्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि यथावकाश छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेथे ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहीत आणि मुलांना वाचण्यासाठी फलकावर लावीत. छात्रालयातील साध्यासुध्या घटनांपासून जगातील थोर पुरुषांच्या चरित्रांपर्यंत सर्व काही त्यात येई. लिहिणारे गुरुजीच होते, तेव्हा याला मुलांचे लेखन कोणी म्हणणार नाही. तरीसुद्धा हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. आपल्याच खोलीत झाडू मारणारा, आपल्या आजारपणात उशाशी बसणारा माणूस पहाटे उठून आपल्यासाठी लिहितो आणि आपल्यात काल जे घडले ते आज लिखाणात उतरते, हे मुले रोज पाहत होती. लेखन परीक्षकासाठी असते ही समजूत पुसण्यास याहून परिणामकारक उपाय मला सुचत नाही. सन १९२८ मध्ये गुरुजींनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढले. सन १९३० मध्ये सत्याग्रहाच्या हाकेसरशी त्यांनी शाळा सोडली. आणि १९३३ च्या आरंभी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले, त्याची घडणही रात्री मंडळी गोळा करून सांगितलेल्या आठवणींची आहे. समोर ऐकणारा बसलेला असल्याखेरीज त्यांची लेखणी चालत नसे की काय, असे वाटावे.

महाराष्ट्रभर शाळाशाळांतून पसरलेली हस्तलिखित मासिकांची प्रथा याच भावनेची. ज्यांनी ती अनुभवली त्यांना तिचे वर्णन नको, पण नव्या पिढीसाठी करतो. फुलस्केप कागदाला चोहोबाजूंनी समास आखीत, समासात वेलबुट्टी काढीत, शीर्षके तांबड्या-हिरव्या शाईने रंगवीत आणि मुखपृष्ठावर चित्रकलेच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली शारदा किंवा शिवाजी महाराज अवतरत. एक कविता, दोन गोष्टी, एका सहलीचा वृत्तांत, कोडी, आणि शेवटी संपादकाचे चार शब्द. अंकाची प्रत एकच. ती पुठ्ठ्यात बांधून स्नेहसंमेलनाच्या दिवशी मेजावर ठेवीत आणि मुले रांगेने येऊन पाने उलटीत. मराठीतील कितीतरी लेखकांनी आपले पहिले अक्षर अशा अंकात लिहिल्याचे सांगितले आहे. या प्रथेत एक उणीव मात्र होती आणि ती मी झाकून ठेवणार नाही. ज्याचे अक्षर मोत्यासारखे, त्याच्याकडे साऱ्या अंकाचे लेखन जाई. ज्याची गोष्ट चांगली पण अक्षर वेडेवाकडे, त्याच्या हाताचा मागमूस अंकात राहत नसे. त्यातही भाषा सुधारण्यासाठी मजकूर आधी मराठीच्या शिक्षकांकडून फिरून येई. पुष्कळदा उरे ते शिक्षकांचे वाक्य आणि दुसऱ्याचे अक्षर, आणि खाली नाव मात्र मुलाचे.

मुलाच्या वाक्याला हात लावू नये, हा विचार जगात ज्यांनी प्रथम इतक्या तीव्रतेने मांडला त्यांपैकी एक टॉलस्टॉय. यास्नाया पोल्याना या आपल्या गावी त्याने सन १८५९ मध्ये शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली होती आणि सन १८६२ मध्ये त्याने एक निबंध लिहिला: शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्याकडून लिहायला शिकावे, की आम्ही त्यांच्याकडून? त्यातील हकीकत अशी. चमच्याने भरवायचे आणि त्याच चमच्याच्या दांड्याने डोळा फोडायचा, अशा अर्थाची एक रशियन म्हण घेऊन त्यावर गोष्ट लिहा, असे त्याने वर्गात सुचविले. मुले म्हणाली, तुम्हीच लिहा. तो लिहू लागला, तशी मुले भोवती जमली, खांद्यावरून डोकावू लागली आणि म्हातारा असे बोलणार नाही, हे असे घडणार नाही, अशी दुरुस्ती सुचवू लागली. हळूहळू लेखणी टॉलस्टॉयच्या हाती आणि गोष्ट मुलांच्या ताब्यात, अशी स्थिती झाली. फेडका नावाच्या मुलाने सुचविले की घाईने बाहेर पडलेल्या शेजाऱ्याने अंगावर बाईमाणसाचा कोट चढविलेला असावा. एवढ्या एका तपशिलाने त्या माणसाचे घर, त्याची घाई आणि त्याचा स्वभाव डोळ्यांपुढे उभा राहिला आणि ‘बालपण’ व सेव्हास्तोपोलच्या कथा लिहून नाव मिळविलेला हा लेखक थक्क झाला.

पुढचा भाग मला अधिक हृद्य वाटतो. टॉलस्टॉय एक दिवस कोठे गेला असता शाळेतील दुसऱ्या मुलांनी ते हस्तलिखित घेतले आणि त्याचे फटाके करून उडविले. त्याला मनापासून दुःख झाले. हे पाहून फेडका आणि त्याचा सोबती सेमका हे दोघे त्याच्या घरी आले, रात्रभर तेथे राहिले आणि साऱ्या गोष्टीचे लेखन त्यांनी फिरून केले. गुणांचा किंवा बक्षिसाचा तेथे प्रश्नच नव्हता. ती त्यांची गोष्ट होती आणि ती हरवलेली त्यांना सोसवत नव्हती.

भारतात बालशिक्षणाला नवी दिशा देणारे गिजुभाई बधेका यांनी सन १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. तेथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी सन १९२६ मधील नूतन बालशिक्षण संघापासून दादरच्या शिशुविहारापर्यंत, आणि १९४५ नंतर बोर्डीपासून कोसबाडच्या टेकडीपर्यंत हे काम मराठी मुलखात रुजविले. अनुताई वाघ त्यांच्या शिष्या आणि अखेरपर्यंतच्या सहकारी. कोसबाडला एक प्रश्न उभा राहिला, जो दादरला इतका तीव्र नव्हता. टेकडीवर येणारी मुले वारली समाजाची होती, त्यांच्या घरी पुस्तकातील मराठी कोणी बोलत नव्हते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेणाऱ्या या बायांनी आधी गप्पा, गाणी आणि गोष्टी यांना जागा दिली. पाटी-पेन्सिल मागाहून आली. हा क्रम मला सर्वस्वी उचित वाटतो. घरची भाषा चुकीची आहे असे ज्या मुलाला पहिल्याच दिवशी कळते, ते मूल बोलायचेच थांबते. मग लिहिणार काय?

भाषेच्या याच गाठीवर फलटणला पुढे आयुष्यभराचे काम झाले. जन्माने अमेरिकन आणि पुढे भारताचे नागरिकत्व घेतलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी सन १९७३ मधील आपला प्रबंध फलटणच्या लोकांच्या बोलण्यातील भेदांवर लिहिला. कोणत्या आळीत कोण कसे बोलतो आणि त्या बोलण्याला गावात काय मान मिळतो, हे ज्यांनी घरोघर हिंडून टिपले, त्यांनीच नंतर तेथील वस्तीतल्या मुलांना लिहायला-वाचायला शिकविण्याचे व्रत घेतले आणि सन १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केले. संशोधकाने आपल्या संशोधनाचे ऋण इतक्या सरळपणे फेडल्याची उदाहरणे थोडी आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे सन १९८५ मध्ये, कोल्हापुरात लीला पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय काढले. ना. सी. फडके यांच्या या कन्येने शिक्षकांच्या प्रशिक्षणात आणि सरकारी शिक्षणखात्यात आयुष्याची बरीच वर्षे घालविलेली होती. खात्याचे नियम आणि वर्गातील मूल यांमधील अंतर त्यांना आतून माहीत होते. परीक्षा, स्पर्धा आणि शिक्षा यांच्या धाकाऐवजी अनुभवावर शिक्षण उभारणाऱ्या त्या शाळेत मुलांच्या लेखनाला मानाचे स्थान मिळाले आणि लीलाताईंनी त्यावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्याचे नाव ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’. दोघांची कामे त्यांनी नावातच वेगळी करून ठेवली आहेत. योगायोग असा की सन १९८५ मध्येच भोपाळहून ‘चकमक’ हे हिंदी मासिक निघू लागले आणि त्यातील ‘मेरा पन्ना’ हे सदर मुलांनी लिहिलेल्या मजकुराने भरू लागले.

आज ज्याला कार्यशाळा म्हणतात, म्हणजे कोणी कवी अथवा लेखक शाळेत येतो, मुलांबरोबर तास-दोन तास बसतो आणि खेळता खेळता लिहून घेतो, तो प्रकार यापूर्वीच परदेशात रुळलेला होता. केनेथ कॉक हा कवी सन १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत जाऊ लागला. प्रत्येक मुलाने ‘मला असे हवे’ येथून सुरू होणारी एकच ओळ लिहावयाची आणि साऱ्या ओळी एकत्र वाचल्या की वर्गाची कविता तयार व्हायची, ही त्याची पहिली युक्ती. सन १९७० मध्ये त्याचे पुस्तक आले आणि ही युक्ती देशोदेशी पोहोचली. ती चांगली आहे, कारण कोऱ्या कागदाची भीती ती घालविते. मात्र तीच ओळ दर वर्गात, दर वर्षी, दर शिबिरात देऊ लागलो की तीही गिरवावयाची होते. आपल्याकडील कित्येक उन्हाळी शिबिरांत मी हे पाहिले आहे. ढग, परी, चॉकलेटचा बंगला आणि बोलणारी पेन्सिल यांच्या गोष्टी एकाच साच्यातून निघतात, अखेरच्या दिवशी त्या पालकांपुढे वाचल्या जातात आणि टाळ्या पडतात. मुलांचा आनंद खोटा नसतो. पण नदीच्या आत्मवृत्ताला आपण फक्त नवे कपडे चढविले, ही रुखरुख मला तेथून परतताना लागते.

दोन वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातील एका गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत, अशाच एका लेखन-शिबिराला मी जाऊन बसलो होतो. पाडवा उलटला होता, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावी परतली होती आणि वर्ग पुन्हा भरला होता. बाईंनी कागद वाटले तसे चोहोकडून प्रश्न आले: बाई, किती ओळी? बाई, समास सोडायचा? पेनने का पेन्सिलीने? मला पंतोजींची ओसरी आठवली. बाई म्हणाल्या, दिवाळीनंतर गाव सोडताना गाडीत काय काय भरले ते लिहा, ओळी मोजू नका.

माझ्या शेजारी तिसरीतला एक मुलगा बसला होता. त्याने गोष्ट लिहिली नाही, यादी लिहिली. ताडपत्री एक. कोयते दोन. पिठाचा डबा. पत्र्याची पेटी. शेळी आन् तिचं करडू. कोपीसाठी बांबू. आईची औषधाची पिशवी. एकाखाली एक अशी ती कलमे उतरत गेली, पेशवे दफ्तरातील एखाद्या रवानगीच्या यादीसारखी. शेवटच्या ओळीपाशी त्याची पेन्सिल बराच वेळ थांबली आणि मग त्याने लिहिले: मोत्याला मुकादमानं टरकात घेतला न्हाई.

त्याने कागद बाईंना नेऊन दिला. बाईंनी तो वाचला. ‘आन्’, ‘टरकात’, ‘न्हाई’, कोणत्याच शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली नाही. त्या खाली वाकल्या आणि हळू आवाजात त्यांनी विचारले, “मग मोत्या कुठवर आला रे मागं?”

मुलगा काही बोलला नाही. कागद घेऊन तो जागेवर आला, तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागला.